क्वाट्रो विकणे आहे: गंजाचा फोटो आधी



मागच्या व्हिडिओत मी एका जुन्या जर्मन गाडीच्या जाहिरातीचा विषय काढला आणि वेळ संपत आला म्हणून अर्धवट सोडला. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, गाडी कुठली? आणि साताऱ्यात जुने डीप फ्रीझर विकणाऱ्या माणसाला स्पोर्ट्स कारशी काय घेणंदेणं?" प्रश्न रास्त आहे. व्हिडिओत सगळं बसत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

गाडी आहे ऑडी क्वाट्रो. पहिली, जुनी, १९८० ते १९९१ या काळात बनलेली. जर्मनीत तिला "उर-क्वाट्रो" म्हणतात. "उर" म्हणजे मूळ, आद्य. पुढे ऑडीने चारही चाकांना ताकद देणाऱ्या सगळ्याच गाड्यांवर क्वाट्रो नाव लावलं, म्हणून पहिलीला वेगळं नाव द्यावं लागलं.

माझा एक शाळेतला मित्र दक्षिण जर्मनीत इंगोलश्टाटजवळ नोकरी करतो. ऑडीचं मुख्यालय याच गावात. तिथे राहून त्याला या गाडीचं वेड लागलं. घ्यायची ऐपत आता आली, म्हणून दोन वर्षं तो जाहिराती वाचतोय आणि आवडलेली प्रत्येक जाहिरात मला पाठवतो. मला इंजिनातलं फार कळत नाही. पण जुना माल विकणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे मी गाडी कमी आणि विकणारा जास्त बघतो.

त्यातल्या दोन जाहिराती माझ्या डोक्यात बसल्या. दोन्ही उर-क्वाट्रोच्या. एक जर्मनीतली, एक इंग्लंडमधली.

जर्मनीतली जाहिरात बघताच घ्यावीशी वाटावी अशी. संध्याकाळच्या उन्हात उभी पांढरी गाडी, चकाचक रंग, बारा फोटो. मजकूर चार ओळींचा. त्यात तिथले दोन हुकमी शब्द होते. एक "उनफालफ्राय", म्हणजे अपघात न झालेली. दुसरा "शेकहेफ्टगेप्फ्लेग्ट". हा उच्चारायला मला तीन दिवस लागले. अर्थ साधा आहे: सर्व्हिस बुकात शिक्के मारून नियमित देखभाल केलेली. आपल्याकडे "सिंगल ओनर, शोरूम मेन्टेन्ड" लिहितात, त्याचाच भाऊ.

इंग्लंडमधली १९८४ची, लाल, उजव्या हाताला स्टिअरिंग असलेली. तिचे साठच्या वर फोटो. आणि गंमत बघा, तिसराच फोटो गंजाचा! पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात रंग फुगलाय आणि शेजारी कुणीतरी नाणं धरलंय, म्हणजे फुगा केवढा आहे ते कळावं.

मी मित्राला लगेच फोन केला. म्हटलं, "अरे, हा माणूस वेडा आहे का?"

तो म्हणाला, "तू थांब. मी आधी पांढरी बघून येतो, ती जवळ आहे."

तो जाऊन काय बघून आला ते सांगतोच, पण त्याआधी ही गाडी एवढी मोलाची का, ते सांगावं लागेल. ते कळल्याशिवाय विकणाऱ्याची अडचण कळणार नाही.

१९७६-७७च्या हिवाळ्यात ऑडीची माणसं फिनलंडच्या बर्फात गाड्यांच्या चाचण्या घेत होती. सोबत फोक्सवॅगनची इल्टिस नावाची लष्करी जीप होती. ताकद फक्त ७५ अश्वशक्ती. पण बर्फात ती जास्त ताकदीच्या ऑडी गाड्यांना मागे टाकत होती, कारण तिची चारही चाकं ओढत होती. यॉर्ग बेन्सिंगर या इंजिनिअरने हे बघितलं आणि प्रस्ताव मांडला: हीच युक्ती रस्त्यावरच्या वेगवान गाडीत का नको? तांत्रिक विभागाचे प्रमुख फर्डिनांड पीएच यांनी तो उचलून धरला.

तेव्हा चारही चाकांना ताकद म्हणजे जीप आणि ट्रॅक्टरचं काम, असंच लोक समजायचे. इंग्लंडच्या जेन्सन कंपनीने १९६६ मध्ये एफएफ नावाची अशी महागडी गाडी काढली होती, पण ती मोजकीच विकली गेली. अडचण वजनाची आणि जागेची होती. ताकद मागच्या चाकांकडे न्यायला गिअरबॉक्सच्या बाजूला आणखी एक जड पेटी लागायची. ऑडीने गिअरबॉक्समधला एक शाफ्टच पोकळ केला. पोकळ शाफ्टमधून ताकद मागे मधल्या डिफरन्शिअलपर्यंत जाते, आणि त्याच्या पोटातून जाणाऱ्या दुसऱ्या शाफ्टने पुढच्या चाकांकडे परत येते. नळीत नळी. शाफ्टची लांबी फक्त २६ सेंटिमीटरच्या आसपास.

जानेवारी १९७८ मध्ये त्यांनी आपल्याच कंपनीतल्या विक्री आणि मार्केटिंगच्या साहेबांना ऑस्ट्रियातल्या टुराखर ह्योहे या घाटात नेलं. चढ २३ टक्के, रस्त्यावर बर्फ, गाडीला साधे उन्हाळी टायर. गाडी चढली. मला हा किस्सा फार आवडतो, कारण आपल्यातले कितीतरी जण माल कस्टमरला दाखवतात, पण दुकानातल्या सेल्सच्या पोराला तो कधी चालवून दाखवत नाहीत.

आणखी एक. सुरुवातीच्या चाचणीच्या गाडीत मधलं डिफरन्शिअल नव्हतं. फोक्सवॅगनच्या संशोधन विभागाचे प्रमुख अर्न्स्ट फिआला यांच्या पत्नीने ती व्हिएन्नात चालवली आणि परत येऊन सांगितलं की पार्किंग करताना गाडी उड्या मारते. इंजिनिअर मंडळी बर्फात खूश होती. गावात वळताना काय होतं ते एका बाईने सांगितलं आणि मग डिफरन्शिअल आलं.

मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली. २१४४ सीसी, पाच सिलिंडर, टर्बो, २०० अश्वशक्ती, किंमत ४९,९०० मार्क. सुरुवातीचा हिशोब ४०० गाड्यांचा होता, कारण रॅलीत उतरायला तेवढ्या बनवणं भाग होतं. शेवटी ११,४५२ बनल्या. मधे रॅलीत तिने धुमाकूळ घातला. १९८१ मध्ये मिशेल मूटों या फ्रेंच ड्रायव्हरने हीच गाडी घेऊन सॅनरेमो रॅली जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेतली फेरी जिंकणारी ती पहिली बाई. पुढच्या वर्षी तिने आणखी तीन जिंकल्या. १९८२ आणि १९८४ मध्ये कंपन्यांचं जगज्जेतेपद ऑडीकडे. १९८३ मध्ये हानू मिकोला आणि १९८४ मध्ये स्टिग ब्लोमक्विस्ट हे ड्रायव्हर जगज्जेते, तेही याच गाडीवर.

आता धंद्याच्या नजरेने बघा. साडेअकरा हजार गाड्या, त्याही तीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या. कित्येक रॅलीच्या नादात ठोकल्या गेल्या, कित्येक भंगारात गेल्या. उरलेल्यांत मूळ अवस्थेतल्या किती? आणि मागणी तर आहेच. अशा वेळी प्रत्येक विकणाऱ्याला एकच मोह होतो. आपली गाडी आहे त्यापेक्षा चांगली दाखवायची.

हा मोह किती मोठा असतो बघा. १९८४ मध्ये ऑडीने स्पोर्ट क्वाट्रो काढली. नेहमीच्या गाडीपेक्षा चाकांमधलं अंतर ३२ सेंटिमीटर कमी, ३०६ अश्वशक्ती, किंमत सुमारे दोन लाख मार्क. बनल्या जेमतेम दोनशेच्या वर. आज साध्या क्वाट्रोपेक्षा तिची किंमत कितीतरी पट आहे. मग साध्या गाडीला कापून, आखूड करून स्पोर्टसारखी बनवणारेही निघाले. "ही नक्कल आहे" असं सांगून विकली तर त्यात गैर काहीच नाही, तिलाही गिऱ्हाईक आहे. पण म्हणूनच या धंद्यात गाडीइतकंच तिच्या कागदांना वजन आलं.

साध्या उर-क्वाट्रोतही तीन पिढ्या आहेत. इंजिनावर कोड असतो. डब्ल्यूआर म्हणजे सुरुवातीचं २१४४ सीसी. १९८७ पासून एमबी, २२२६ सीसी. १९८९ पासून आरआर, वीस व्हॉल्व्हचं, २२० अश्वशक्तीचं. जाणकार माणूस बॉनेट उघडून आधी तो कोड बघतो आणि कागदाशी जुळवतो.

तर माझा मित्र पांढरी गाडी बघायला गेला. सोबत एक अनुभवी मेकॅनिक. दोन-अडीच तासांचा प्रवास. प्रत्यक्षात गाडी फोटोइतकीच सुंदर होती. मेकॅनिकने खिशातून छोटं लोहचुंबक काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि मागच्या चाकाच्या वरच्या कमानीवर लावलं. चुंबक पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. तिथे पत्राच नव्हता, पुट्टी होती. गाडीखाली ताजा काळा थर मारलेला, खालचा गंज दिसू नये इतका ताजा. बॉनेट उघडलं तर इंजिनावरचा कोड कागदाशी जुळेना. म्हणजे कधीतरी इंजिन बदललेलं होतं.

विकणारा शांतपणे म्हणाला, "चाळीस वर्षांची गाडी आहे, एवढं चालायचंच."

मित्राने मला फोनवर जे सांगितलं ते मी दुकानाच्या डायरीत लिहून ठेवलंय. तो म्हणाला, "अरे, खरंच चालतं. पुट्टी असलेली, इंजिन बदललेली गाडी मी घेतलीही असती. किंमत थोडी कमी करून, पण घेतली असती. आता मात्र त्याने सांगितलेली एकही गोष्ट मला खरी वाटत नाही. ब्रेक चांगले आहेत म्हणाला, तेही खरं वाटत नाही."

म्हणजे लपवला दोन ठिकाणचा दोष आणि किंमत उतरली अख्ख्या गाडीची.

आता इंग्लंडमधली लाल गाडी. तिची जाहिरात मी चार वेळा वाचली. लिहिणारा साधा मालक होता, डीलर नव्हता. त्याने सुरुवातीला काय लिहिलं होतं? काच-कोपऱ्यातला गंज, फोटो क्रमांक तीन. मग लिहिलं होतं की या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकतो, ही या गाडीची जुनी खोड आहे. माझा एकदा तडकला, बदलला, हे बिल. मग डिजिटल डॅशबोर्ड. १९८३ पासून या गाडीत हिरव्या आकड्यांचा डिजिटल मीटर आला होता, तेव्हा तो भविष्यातला वाटायचा, आज तो डोकेदुखी आहे. याने मीटर चालू करून फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, पेट्रोलच्या काट्याच्या दोन पट्ट्या पेटत नाहीत, दुरुस्त करणारे आहेत, मी केलं नाही. मागचे ब्रेक कॅलिपर अडकायचे, नवीन टाकले. सीटचं कापड ड्रायव्हरच्या बाजूला विरलंय, तसलं कापड मिळत नाही, म्हणून तसंच ठेवलंय.

हे सगळं सांगून झाल्यावर मग चांगल्या गोष्टी. मूळ इंजिन, कोडचा फोटो. पहिल्या मालकाचं बिल. आणि वर्षावर्षाच्या तपासणीचे कागद.

हा शेवटचा मुद्दा जरा समजून घ्या. इंग्लंडमध्ये तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दरवर्षी सरकारी नियमांप्रमाणे तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात. गाडी पास झाली की नापास, कशामुळे, तेव्हा मीटर किती होता, हा इतिहास ऑनलाइन कुणालाही फुकट बघता येतो. गाडीचा नंबर टाकला की आलं. त्यामुळे मीटर मागे फिरवून विकणं तिथे अवघड झालंय. चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना या तपासणीतून सूट आहे. म्हणजे या लाल गाडीला तपासणीची गरजच उरली नव्हती. तरी हा गृहस्थ दरवर्षी पैसे भरून तपासून घेत होता आणि मागच्या वर्षीचा शेरासुद्धा जाहिरातीत लावला होता. "पुढचं डावं ब्रेक पाइप किंचित गंजलंय." खाली त्याची ओळ, बदललं, बिल क्रमांक अमुक.

त्याची किंमत पांढऱ्या गाडीपेक्षा जास्त होती. थोडीथोडकी नाही, चांगलीच जास्त. आणि जाहिरात लागल्यापासून तीन आठवड्यांत "विकली" असा शिक्का पडला. माझ्या मित्राला ती मिळाली नाही. पांढरी त्यानंतरही बरेच दिवस दिसत होती, दोनदा किंमत कमी करून.

आता माझ्याकडे येतो. हे मी व्हिडिओत सांगितलं नव्हतं. कॅमेऱ्यासमोर सांगायला जीभ वळली नाही.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. दुकान नवीन होतं, बीबीए करून दोन नोकऱ्या सोडून मी यात पडलो होतो. बंद पडलेल्या आइस्क्रीम पार्लरमधून एक ३०० लिटरचा डीप फ्रीझर उचलला. गॅस लीक होता. कूलिंग कॉइलच्या सांध्याला वेल्डिंग करून गॅस भरला. रिपेअर करणारा म्हणाला, "मालक, चालेल. पण गॅरंटी मागू नका, कॉइल कुजलीय." मी बाहेरून रंग मारला, रबर नवीन घातलं, आणि जाहिरात टाकली: "कंडिशन ए-वन. नो वर्क."

एक काकू आल्या. मटका कुल्फीचा धंदा सुरू करत होत्या, बचत गटाचं कर्ज काढून. त्यांनी विचारलं, "काही काम झालंय का याच्यात?" मी म्हटलं, "फक्त रबर बदललंय काकू." चौदा हजार पाचशेला दिला.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, लग्नाची ऑर्डर भरलेली असताना रात्री तो बंद पडला. सकाळपर्यंत सगळा माल पाणी. त्या दुकानात आल्या, ओरडल्या नाहीत. माझ्या जाहिरातीचा मोबाइलवरचा फोटो समोर धरला आणि म्हणाल्या, "दादा, तुम्हाला माहीत होतं का हो?"

मी "नाही" म्हणालो. दुसऱ्यांदा खोटं बोललो.

पैसे परत केले, फ्रीझर परत घेतला. पण ऑर्डर गेली ती गेली, आणि त्या गटातल्या एकाही बाईने पुढे माझ्याकडून काही घेतलं नाही. त्यांच्या गावातून माझ्याकडे आजही गिऱ्हाईक येत नाही. मी हिशोब मांडून बघितला होता, किती नुकसान झालं असेल याचा. नंतर सोडून दिलं. असल्या नुकसानीचं बिल निघत नाही.

म्हणून ती लाल गाडीची जाहिरात वाचताना मला गाडी दिसत नव्हती. मला तो वेल्डिंगचा सांधा दिसत होता. त्याचा फोटो काढून, नाणं शेजारी ठेवून, "इथे गॅस लीक होता, जोडलाय, कॉइल जुनी आहे, सीझनला रिस्क आहे" असं लिहिलं असतं तर? काकूंनी कदाचित घेतलाच नसता. किंवा नऊ हजाराला घेतला असता, कुल्फीऐवजी पाण्याच्या बाटल्या ठेवायला. दोन्ही चाललं असतं.

जर्मनीतला कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. तिथे खासगी माणूस जुनी वस्तू विकताना "बघितली तशी घेतली", नंतर जबाबदारी नाही, असं लिहून घेऊ शकतो. पण दोष माहीत असून मुद्दाम लपवला असेल तर ते वाक्य त्याला वाचवत नाही. त्यांच्या नागरी संहितेच्या ४४४व्या कलमात तसं आहे. आणि डीलर असेल तर सामान्य ग्राहकाला विकताना जबाबदारी पूर्ण झटकताच येत नाही. आपल्याकडेही २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा दुकानदाराला सोडत नाही. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हा बोर्ड भिंतीवर लावला म्हणून निश्चिंत बसू नका.

जर्मनीतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून मी एक गोष्ट सरळ उचललीय, ती म्हणजे मार्क देण्याची पद्धत. तिथे जुन्या गाडीच्या अवस्थेला १ ते ५ असा नंबर देतात, त्यांच्या शाळेतल्यासारखा, म्हणजे १ सर्वांत चांगला. १ म्हणजे नव्यासारखी, निर्दोष. २ म्हणजे चांगली, किरकोळ खुणा. ३ म्हणजे वापरलेली दिसते, पण रस्त्यावर चालवायला व्यवस्थित. ४ म्हणजे थकलेली, काम काढावं लागेल. ५ म्हणजे उभी करून पूर्ण दुरुस्त करायची. तज्ज्ञ गाडी बघून लेखी अहवाल देतो, किंमत त्यावर ठरते. मित्र सांगतो, खरी "१" फार क्वचित भेटते. ज्याच्या जाहिरातीत सर्रास "१" असतं त्याच्याकडे तो जातच नाही.

मी दुकानात प्रत्येक फ्रीझरला, व्हिसी कूलरला, मिक्सरला खडूने हा नंबर टाकतो. सुरुवातीला कामावरचा मुलगा म्हणाला, "दादा, चार नंबर लिहिल्यावर कोण घेणार?" घेतात. स्वस्तात हवा असतो, घरी मेकॅनिक असतो, किंवा सुटे भाग काढायचे असतात. उलट झालं काय, की "दोन" लिहिलेल्या मालावर घासाघीस कमी झाली. चार नंबर कुठला ते शेजारीच दिसतंय ना!

एक सावधगिरी. दोष सांगायचा म्हणजे रडगाणं गायचं असं नाही. लाल गाडीवाल्याने प्रत्येक दोषाला तीन गोष्टी जोडल्या होत्या: कुठे आहे, केवढा आहे, त्याचं काय केलं किंवा नाही केलं. "थोडा गंज आहे" असं तो कुठेच म्हणाला नाही. "थोडा" हा शब्द जुन्या मालाच्या धंद्यातला सगळ्यात महाग शब्द आहे, कारण गिऱ्हाईक मनात त्याचा दहापट गंज करतं.

आपल्या मराठी माणसाला ऑडी हे नाव कधी कळलं? माझ्या वडिलांना विचाराल तर ते तारीख सांगतील. १० मार्च १९८५, मेलबर्न. भारताने पाकिस्तानला हरवून वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली आणि आपला मुंबईकर रवी शास्त्री "चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स" ठरला. बक्षीस ऑडी १००. अख्खा संघ गाडीवर चढून मैदानात फिरला, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. ती क्वाट्रो नव्हती, साधी सेदान होती. पण २०२२ मध्ये ती पुन्हा नीट करून शास्त्रींना देण्यात आली तेव्हा सगळीकडे बातमी झाली. तशाच दुसऱ्या ऑडी १००ला कोण विचारतो? हिच्याकडे पुरावा आहे. गोष्ट कुणीही सांगेल, हिची गोष्ट फोटोत आहे.

तुमच्या जुन्या मालाचं मेलबर्न नसेल. पण पहिल्या मालकाचं बिल असू शकतं. मी आता कुठलाही फ्रीझर उचलताना आधी बिल मागतो, नसेल तर त्या दुकानात उभा असतानाच चालू स्थितीतला व्हिडिओ काढतो, तारखेसकट. जे काम करून घेतो त्याचं पक्कं बिल घेतो, रिपेअरवाल्याला चार पैसे जास्त गेले तरी. मग ते सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि फोल्डर फ्रीझरच्या आतच. झाकण उघडलं की आधी फोल्डर दिसतो.

जाता जाता हिशोबाचं एक. जुना माल विकणाऱ्यांना युरोपात कर पूर्ण विक्रीवर नाही, खरेदी आणि विक्रीतल्या फरकावर भरता येतो. जर्मन डीलरच्या जाहिरातीत "कलम २५ए" लिहिलेलं दिसतं ते हेच. आपल्याकडेही जीएसटीत जुन्या मालासाठी मार्जिनवर कर भरायची सोय आहे, नियम ३२(५). अट अशी की खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलेलं नसावं आणि मालाचं स्वरूप बदलेल असं काम केलेलं नसावं. आपले कितीतरी दुकानदार पूर्ण किमतीवर कर भरतात किंवा भीतीने बिलच करत नाहीत. बिल नाही म्हणजे फोल्डरही नाही. सीएला हा नियम क्रमांक सांगून विचारा.

आणि ज्यांनी विचारलंय, "सर, क्वाट्रो इकडे आणता येईल का?" त्यांना: वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, वर ड्युटी वेगळी. १९८४ची लाल गाडी त्यात बसत नाही. पोस्टर लावा.

माझ्या मित्राची शोधाशोध चालूच आहे. गेल्या रविवारी त्याने नवीन जाहिरात पाठवली. एमबी इंजिन, १९८८ची, काळी, अवस्था "३" असं मालकाने स्वतःच लिहिलंय. मी फक्त विचारलं, "गंजाचा फोटो कितवा?" तो म्हणाला, "दुसरा." पुढच्या शनिवारी बघायला जातोय. चुंबक घेऊन.

इकडे माझ्या दुकानात एक दोन दरवाजांचा व्हिसी कूलर आलाय. डाव्या दरवाजाची बिजागरी झिजलीय, दार अर्धा सेंटिमीटर खाली बसतं. फोटो काढलाय, एक रुपयाचं नाणं शेजारी ठेवून. जाहिरातीत तोच पहिला आहे. काल कोरेगावहून एकाचा फोन आला, म्हणाला, "ते दार सोडून बाकी काय आहे?"

म्हटलं, "या, फोल्डर दाखवतो."